वाऱ्याकडची रांग

हेमा, विद्यापीठाच्या समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलं, आपल्या प्रकल्पातलं तुझं प्रकरण आता काढून टाकायचं का.

तुझ्या तेराव्याला जाऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी हा फोन. माणूस वाईट नाही. "फार वाईट झालं," म्हणाले, आणि पुढे, "मॅडम, एका परीने पाहिलं तर आता मतभेद उरलेला नाही. एकमताची शिफारस देता येईल." मी "विचार करून सांगते" म्हटलं, फोन ठेवला आणि डाळ-तांदळाचा कुकर लावला. पहिली शिट्टी झाली तेव्हा लक्षात आलं, रागाच्या भरात डाळ-तांदूळ न धुताच लावले होते.

मतभेद उरलेला नाही म्हणे. मी आहे ना अजून. आपल्या भांडणातला माझा अर्धा भाग शाबूत आहे, आणि तुझा अर्धा मला तोंडपाठ आहे.

शोक कसा करतात ते मला नीट जमत नाही, तुला ठाऊक आहे. तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी आधी आपल्या नियोजन कचेरीत कळवलं, मग विद्यापीठात, मग गॅसवरचं दूध उतरवलं आणि मग खाली बसले. छातीत दुखतंय म्हणून तुला पालघरहून मुंबईला हलवत होते. मनोरच्या पुढे, महामार्गावर, ट्रकांच्या मागे गाडी अडकली आणि तू गेलीस. एवढ्या मोठ्या जिल्ह्यातून काळजाच्या पेशंटला बाहेर का न्यावं लागतं, यावर आपण दोघींनी कितीदा टिपणं लिहिली. ते भांडण कचेरीशी होतं, ते मी वेगळं चालवीन. आजचं तुझ्याशी आहे.

जाहिरात तूच आणली होतीस. जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्याच्या झाकणावर आपटलीस. सार्वजनिक धोरण आणि नियोजन या विषयातली प्रोफेशनल डॉक्टरेट.

"या वयात?" मी म्हटलं.

"अनुभव लागतो म्हणे भरपूर. तुझ्याकडं दुसरं हाय काय?"

कचेरीत तू माझ्यासारखीच स्वच्छ मराठी बोलायचीस. चिडवायचं असलं की मात्र गावची भाषा बाहेर यायची.

बाकीच्या अटी आपण त्याच डब्यावर वाचल्या. कचेरीचं ना-हरकत पत्र हवं. शनिवार-रविवारचे वर्ग, संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राच्या परीक्षा. शेवटी प्रबंध नाही. आपण जिथे नोकरी करतो तिथल्याच एखाद्या चालू प्रश्नावर प्रकल्प करायचा आणि त्याची शिफारस कचेरीच्या हातात द्यायची. दोघींनी मिळून केला तरी चालेल. मात्र शिफारस एकच. पहिल्याच वर्गात सरांनी सांगितलं होतं, पीएचडीचा शेवट प्रश्नाने झाला तरी चालतो, तुमचा निर्णयाने व्हायला हवा. आणि जोडीने काम करणाऱ्यांनी आपापलं एक स्वतंत्र प्रकरण लिहायचं, सहकाऱ्याशी माझं कुठे पटलं नाही आणि ते कसं मिटलं. तू शेजारून कुजबुजलीस, "आपलं हेच प्रकरण सगळ्यात जाड होणार."

संख्याशास्त्रात मी नापास होणार होते. पास झाली नाहीस तर बोलणार नाही, अशी तू धमकी दिलीस आणि रोज संध्याकाळी कचेरी सुटल्यावर माझ्याकडून गणितं करून घेतलीस. तुझे निबंध मी सरळ केले. दहा वाक्यं लिहायचीस आणि त्यातली सहा एकच गोष्ट सांगायची. या सगळ्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती, आणि मानले असते तर तू म्हणाली असतीस, "ताप आलाय का तुला?"

प्रश्न आपल्या टेबलावर आपोआप आला. किनाऱ्यालगतच्या गावांचा नवा जागावापर आराखडा आपल्याच शाखेकडे तपासायला आला होता. तुझ्या गावच्या नकाशावर, वस्ती आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यावर, फिका पिवळा रंग भरला होता. रंगाचा अर्थ कोपऱ्यात दिला होता, मोकळी जागा, वापरात नाही. त्याच पट्ट्यावरून पुढे एक रस्ता आणि गोदामं सुचवली होती.

तू आधी हसलीस. मग विचारलंस, "सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झालंय?"

जुलैमध्ये.

जुलैमध्ये मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि बोंबील सुकवायच्या वलांड्या, ते रोवलेले बांबू आणि ताणलेले दोर, सगळं उतरवून घरोघरी ठेवलेलं असतं. पट्ट्यावर गवत उगवतं, गुरं फिरतात. कंत्राटदाराच्या माणसांनी जे दिसलं ते लिहिलं. खोटं काहीच लिहिलं नाही. हंगामात त्याच पट्ट्यावर उभं राहायला जागा नसते, पाचशे पावलांवरून वास येतो, आणि तुझ्या गावातल्या निम्म्या चुली त्या दोरांवर चालतात, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी गावात विचारलं होतं म्हणे, ही जागा कुणाची? गावाने खरं उत्तर दिलं, कुणाचीच नाय.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं.

माझं म्हणणं साधं होतं. प्रत्येक घराची वलांडी कुठे लागते ते मोजायचं, नकाशावर घरवार नाव घालायचं आणि वहिवाट सिद्ध करायची. बोईसरला मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या कॉलनीच्या पलीकडे गुरचरण होतं. कुणाच्या नावावर नव्हतं, म्हणून बघता बघता गेलं. आज तिथे शेड आहेत आणि कामगारांच्या खोल्या आहेत, आणि गुरं राखणारी माणसं त्याच शेडच्या दारात वॉचमन आहेत. ज्या जमिनीवर कुणाचं नाव नसतं तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो.

तू म्हणालीस, "घाटावरची माणसं तुमी. जमीन दिसली की आधी कुंपण."

"आणि तुम्ही किनाऱ्यावरची. पाणी घरात शिरेपर्यंत बसून राहता."

मग तू मला जागेची रीत समजावलीस. समुद्राच्या बाजूची पहिली रांग वाऱ्याकडची. तिथे मासळी लवकर सुकते, चांगली सुकते. मागच्या रांगेत वारा अडतो, माल काळपट पडतो. म्हणून दरवर्षी बांबू रोवायच्या आधी गावातल्या बायका पट्ट्यावर जमतात आणि रांगा बदलतात. गेल्या वर्षी पुढे असलेली या वर्षी मागे. त्यात भांडणं होतात, शिव्याही होतात, पण संध्याकाळपर्यंत रांगा ठरतात. "या वर्षीची नावं तू नकाशावर घातलीस," तू म्हणालीस, "की ती कायमची झाली. पुढच्या वर्षी पहिली रांग कोण सोडेल? आणि दोन वर्षांनी कुणीतरी आपली जागा गोदामवाल्याला देईल. नाव असलं म्हणजे विकताही येतं, शोभा."

तुला हवी होती फक्त बाहेरची हद्द. आत एकही नाव नाही, एकही रेघ नाही. हा पट्टा गावाचा, मासळी सुकवायचा, एवढंच.

तुझं म्हणणं चूक नव्हतं, माझंही नव्हतं. पण आपल्याला शिफारस एकच द्यायची होती.

शेवटचं भांडण त्या पट्ट्यावरच झालं. पाऊस कमी झाला होता, गवत गुडघाभर होतं. तू आईला भेटायला निघाली होतीस, मला ओढून नेलंस. तुझ्या गावच्या दोन-तीन बायका ऐकत उभ्या होत्या, म्हणून आपण दोघी जरा जास्तच चढलो.

मी म्हटलं, "रिकामी हद्द काढलीस आणि आत भांडणं पेटली तर? कोर्टात कोण काय दाखवणार? भांडण सोडवायला कोण येणार?"

"मी हाय ना," तू म्हणालीस.

"तू काय जन्मभर पुरणार आहेस?"

"तुझ्यापेक्षा जास्त पुरेन. तुला साखर हाय."

बायका हसल्या. आपण दोघी हसलो नाही. परतताना पालघरपर्यंत एकमेकींशी बोललो नाही. सोमवारी तू रजेवर होतीस आणि त्याच आठवड्यात तू गेलीस.

म्हणून अध्यक्षांचं ते वाक्य मला झोंबलं. त्यांना वाटलं, वाद मिटला. खरं तर तुझ्या जाण्याने तो माझ्या बाजूने झुकला. तुझ्या योजनेत एकच कच्चा दुवा होता, तिला तू लागत होतीस. गाव आणि कचेरी या दोन्हीकडची भाषा येणारी तू एकटी होतीस. तू नाहीस, तर आत नावं नसलेली ती हद्द म्हणजे परत एकदा कुणाचीच नसलेली जागा. माझा मुद्दा सिद्ध झाला. असा सिद्ध झालेला मुद्दा हातात घेऊन बसणं कसं असतं ते मी तुला सांगू शकत नाही. वाईट वाटतं असं म्हणणं पुरेसं नाही. आपण दोघी जोर लावून दोर ओढत असावं आणि तू पलीकडून मधेच हात सोडून निघून जावंस, तसं आहे. मी पाठीवर पडले, आणि लोक म्हणताहेत, जिंकलात.

अध्यक्षांना मी कळवलं, प्रकरण काढायचं नाही, तिची बाजू मी लिहीन. तुझं प्रकरण अजून लिहून व्हायचं होतं, म्हणून तुझ्या नावाने नव्हे, माझ्याच प्रकरणात.

लिहायला बसले आणि माझ्या लक्षात आलं की मी तुझी बाजू लंगडी करून लिहिते आहे. 'स्थानिक परंपरेवर विश्वास', 'भावनिक जवळीक', असले शब्द आपोआप येत होते. तुझं म्हणणं भावनेचं कधीच नव्हतं. सगळं खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. तुझा मुद्दा खरा की खोटा हे मला इथे टेबलावर बसून ठरवता येत नव्हतं. रांगा ठरवायचा दिवस जवळ आला होता. तुझ्या आईला फोन करून विचारलं, मी येऊ का. त्या म्हणाल्या, "ये. पन मदी बोलू नको."

गेले तेव्हा सगळ्या जमल्या होत्या. बांबूंचे भारे आणून टाकले होते. तुझी आई एका भाऱ्यावर बसली होती, नेसत्या लुगड्यात, डोकं उघडं. रडण्याची खूण तोंडावर नव्हती. सुगंधा नावाची ती उंच बाई, जिच्या आवाजाला तू भोंगा म्हणायचीस, ती एकेका घराला जागा सांगत होती आणि प्रत्येक घर तिला उत्तर देत होतं. सगळ्या एकदम बोलत होत्या. मी एका बाजूला उभी राहिले आणि मधे बोलले नाही.

तुझ्या घराची पाळी आली. सुगंधा म्हणाली, "तुमी गेल्या साली वाऱ्याला व्हता. या साली मागं."

एक वयस्क बाई म्हणाली, "अगो, तिची पोर गेली. ऱ्हाऊ दे की एक साल पुढं."

दोघी-तिघी "व्हय व्हय" म्हणाल्या. खरं सांगते, मीही मनात व्हय म्हटलं. आणि त्याच वेळी मनात दुसरं आलं. इथे ही रीत मोडणार, आणि मोडली की माझं खरं. मला काय व्हायला हवं आहे तेच मला ठरवता येत नव्हतं.

तुझी आई उठली. "कशाला? पोर गेली म्हून वारा माजा झाला काय?"

"तसा नाय गो—"

"तसाच हाय. या साली मी पुढं ऱ्हायले का फुडल्या साली सगल्यांच्या घरी कोनी ना कोनी मेलेला आसंल."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळ्याच हसल्या. तुझी आईही हसली, तोंडावर पदर घेऊन, आणि तसाच तो बराच वेळ तोंडावर धरून राहिली. मग भारा उचलायला वाकली. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "तू लांब ऱ्हा. चष्मा पडंल."

त्यांनी आपले बांबू मागच्या रांगेत नेऊन टाकले.

तू म्हणशील, बघ, झालं ना सिद्ध? नाही झालं. पुढच्याच घराच्या जागेवरून दोन जावांची जुंपली. एकीचा मुलगा गोदामवाल्याकडे कामाला लागलाय म्हणून दुसरीने तिला काय काय ऐकवलं. मी निघाले तेव्हा ते मिटलेलं नव्हतं. एका बाईची ताकद म्हणजे व्यवस्था नव्हे, हे मी तुला शंभरदा सांगितलं आहे आणि आजही सांगते. पण माझं एक वाक्य मला खोडावं लागलं. तुझ्या योजनेला तू लागतेस, असं मी लिहिलं होतं. त्या दिवशी तू तिथे नव्हतीस, तुझ्या नसण्याचंच निमित्त पुढे केलं गेलं, आणि तरी रांग बदलली.

तोंडी परीक्षेला मी शिफारस ठेवली. बाहेरची हद्द, सामाईक, आत नावं नाहीत.

समितीत बाहेरच्या जिल्ह्यातल्या एक अधिकारी बाई होत्या. तुला आवडल्या असत्या, त्यांनी चहा बाजूला सारला आणि थेट विचारलं, "तुमच्या प्रकरणात तुम्ही लिहिता, नावं हवीत. शिफारशीत नावं नाहीत. काय समजायचं?"

"मला आजही वाटतं की नावं हवीत."

"मग स्वतःला न पटलेली शिफारस तुम्ही कचेरीला देताय?"

"नाव घातलं तर पुसता येत नाही. हद्द काढून ठेवली तर नावं पुढे कधीही घालता येतील. माझी सहकारी बरोबर असेल तर माझा नकाशा तिचं गाव मोडेल. मी बरोबर असेन तर तिच्या नकाशामुळे थोडा उशीर होईल, एवढंच. म्हणून तिची."

अध्यक्ष म्हणाले, "आणि त्या उशिरात जागा गेली तर?"

तू काहीतरी बोलली असतीस आणि वेळ निभावली असतीस. मी म्हटलं, "तर मी इथे तुमच्यासमोर चुकीची शिफारस दिली असं होईल."

मला बाहेर बसवलं. बराच वेळ आत बोलणं चाललं होतं. मग बोलावून सांगितलं. प्रकल्पात तुझं नाव राहील, माझ्या बरोबरीने. शिफारस कचेरीकडे जाईल. पण हा अभ्यासक्रम निर्णय मागतो आणि निर्णयाचं काय झालं तेही मागतो. म्हणून सुकवणीचा हा हंगाम पार पडू दे, पट्ट्यावर काय घडतं ते मी नोंदवून पुन्हा समितीसमोर यावं. तोवर पदवी नाही. कचेरीनेही तसंच केलं आहे. पिवळा रंग काढला, गोदामं थांबवली, आणि शेरा मारला, हंगामाअखेर फेरपाहणी, वाद आढळल्यास पुनर्विचार.

तुझ्या आईला फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंजे हेमा पास का नापास?"

"अजून ठरायचंय," मी म्हटलं.

"कोन ठरवनार?"

"तुम्हीच."

"आमाला काय येते त्यातला," त्या म्हणाल्या, आणि मग लगेच, "त्या दोन जावा काल परत भांडल्या."

आता माझी अवस्था बघ. हंगामभर मी तिथे निरीक्षक आहे. ती भांडणं वाढली तर माझं मत खरं ठरतं, मला ते पानभर पुराव्यानिशी मांडता येतं, आणि पट्टा जातो. मिटली तर तू बरोबर. नियमाप्रमाणे मी फक्त बघायचं आहे, हात लावायचा नाही. उद्या रविवार आहे. सकाळी मी तुझ्या गावी जाते आहे आणि त्या दोन जावांना समोरासमोर बसवणार आहे. समितीला हे चालणार नाही, तेही मी प्रकरणात लिहीन. हरायची मला सवय नाही, हेमा, पण शिकून घेईन.